चौऱ्याहत्तरवर थांबलेला रॉकेट

1955 च्या 10 मार्चला मॉन्ट्रियलच्या फोरम स्टेडियममध्ये एक नवं यंत्र बर्फावर उतरलं. कॅलिफोर्नियातल्या फ्रँक झाम्बोनी नावाच्या गृहस्थाने बनवलेलं. बर्फाचा वरचा थर खरवडायचा, भुगा पोटात घ्यायचा आणि मागे पाण्याचा पातळ हात फिरवत पुढे जायचं, एवढंच त्याचं काम. पाणी गोठलं की स्केट्सच्या पात्यांनी पडलेल्या चऱ्या बुजायच्या आणि मैदान पुन्हा गुळगुळीत व्हायचं. तोवर हे सगळं माणसं करायची, फावडी आणि पाण्याची पिंपं घेऊन. नॅशनल हॉकी लीगच्या सामन्यात झाम्बोनी फिरली ती त्या रात्री पहिल्यांदा. एरवी 1954-55 चा मोसम याच गोष्टीसाठी लक्षात राहिला असता. पण बरोबर सात दिवसांनी त्याच फोरममध्ये अश्रुधुराची नळकांडी फुटली आणि झाम्बोनीचं कौतुक मागे पडलं.

त्या काळच्या लीगचा पसारा फार लहान होता. संघ सहाच: मॉन्ट्रियल कॅनेडियन्स, टोरंटो मेपल लीफ्स, डेट्रॉइट रेड विंग्ज, बॉस्टन ब्रुइन्स, न्यू यॉर्क रेंजर्स आणि शिकागो ब्लॅक हॉक्स. प्रत्येक संघ 70 सामने खेळणार, म्हणजे प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी मोसमात चौदा वेळा गाठ. याचा परिणाम काय होत असेल याची कल्पना भाऊबंदकी पाहिलेल्या माणसाला सहज करता येईल. ऑक्टोबरात बसलेल्या कोपराचा हिशेब डिसेंबरात चुकता व्हायचा आणि डिसेंबरातल्या हिशेबावर मार्चमध्ये व्याज चढायचं. शंभर-सव्वाशे खेळाडू, सगळे एकमेकांना नावानिशी आणि जखमांनिशी ओळखणारे. हेल्मेट कोणी घालत नसे. गोलरक्षकांच्या तोंडावरही अजून मुखवटा आला नव्हता.

खेळ सोपा आहे. बर्फावर एका बाजूचे सहा जण, त्यांतला एक गोलरक्षक. रबराची कडक चकती, तिला पक म्हणायचं. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. दांडगाई केली की रेफरी दोन किंवा पाच मिनिटांसाठी बाहेर बसवतो आणि तेवढा वेळ संघ एका माणसाने कमी होऊन खेळतो. या प्रकरणापुरता एक नियम मात्र नीट ध्यानात ठेवायला हवा. खेळाडूच्या खात्यात गोलला एक गुण, आणि त्या गोलसाठी पक पुरवणाऱ्यालाही एक गुण. त्याला असिस्ट म्हणतात. गोल आणि असिस्ट मिळून मोसमात सर्वांत जास्त गुण ज्याचे, त्याला आर्ट रॉस करंडक. गोल करणारा आणि गोल करवणारा या तराजूत सारखेच.

मॉरिस रिशारला हा तराजू कधी लाभला नाही.

रिशार मॉन्ट्रियलचाच, 1921 चा जन्म. बाप रेल्वेच्या कारखान्यात कामाला, घर कामगार वस्तीतलं, भाषा फ्रेंच. स्वतःही तो यंत्रावर काम शिकलेला. कॅनेडियन्सकडून खेळू लागला तेव्हा सुरुवातीला वारंवार हाडं मोडायची, आणि हा पोरगा टिकणार नाही असं जाणकारांचं मत होतं. 1943 मध्ये मुलगी झाली, तिचं वजन नऊ पौंड भरलं, म्हणून त्याने पाठीवर 9 हा आकडा मागून घेतला. पुढच्याच मोसमात, 1944-45 मध्ये, त्याने 50 सामन्यांत 50 गोल केले. तोवर हे कुणाला जमलं नव्हतं. त्याच हिवाळ्यातल्या 28 डिसेंबरला तो दिवसभर घर बदलत होता, सामान जिन्यांवरून चढवत-उतरवत होता. संध्याकाळी थकून फोरममध्ये आला आणि डेट्रॉइटविरुद्ध पाच गोल, तीन असिस्ट करून गेला. एका सामन्यात आठ गुण हाही विक्रमच. लोक त्याला ‘रॉकेट’ म्हणू लागले होते.

तरीही त्या 50 गोलांच्या मोसमात गुणांच्या यादीत तो दुसरा आला. पहिला आला त्याच्याच संघातला, त्याच्याच शेजारी खेळणारा एल्मर लाक: 80 विरुद्ध 73. लाक पक पुरवायचा, रिशार जाळ्यात घालायचा, आणि पुरवणाऱ्याच्या खात्यात जास्त जमा झालं. 1946-47 मध्ये शिकागोच्या मॅक्स बेंटलीने त्याला मागे टाकलं. 72 विरुद्ध 71, एका गुणाने. रिशारला पास देण्यापेक्षा गोलकडे धावणं अधिक आवडायचं. दोन बचावपटू अंगावर झोंबत असताना त्यांना तसंच ओढत नेऊन त्याने केलेल्या गोलांच्या हकिगती मॉन्ट्रियलमध्ये आजही सांगतात. अशा माणसाला असिस्ट कमीच मिळणार.

1954-55 मध्ये तो 33 वर्षांचा होता. हॉकीत हे वय उतरणीचं. आणि त्याच मोसमात करंडक त्याच्या हाताशी आला होता. मार्चच्या मध्याला, तीन सामने उरले असताना, त्याच्या नावावर 74 गुण होते आणि तो यादीत सर्वांत वर होता. खाली अगदी जवळ होते त्याच्याच संघातले दोघे तरुण, बर्नार जोफ्रियॉन आणि जाँ बेलिव्हो. दोघेही फ्रेंच भाषक. जोफ्रियॉनला सगळे ‘बूम-बूम’ म्हणायचे. स्टिक खांद्यामागे नेऊन तो जो फटका हाणायचा, त्याचा एक आवाज स्टिकवर आणि दुसरा कडेच्या फळ्यांवर. संघही अव्वल स्थानासाठी डेट्रॉइटशी खांद्याला खांदा लावून होता. म्हणजे वैयक्तिक करंडक आणि संघाचं पहिलं स्थान, दोन्ही एकाच वेळी पणाला लागलेलं.

आता दुसऱ्या माणसाकडे वळू. लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्बेल. सास्कॅचेवान प्रांतातल्या एका छोट्या गावी जन्मलेले, ऑक्सफर्डची ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवलेले वकील. काही वर्षं स्वतः लीगमध्ये रेफरी होते. महायुद्धात लेफ्टनंट कर्नल झाले आणि युद्धानंतर जर्मन युद्धगुन्हेगारांवरच्या खटल्यांत कॅनडाच्या बाजूने काम केलं. 1946 पासून लीग त्यांच्या हाती होती. स्वच्छ, ताठ, नियमावर बोट ठेवून चालणारा माणूस. सगळे संघमालक त्यांचे मालक, त्यामुळे त्यांचा ताठपणा मालकांपेक्षा खेळाडूंच्याच वाट्याला जास्त यायचा, हेही खरं. लीगचं मुख्य कार्यालय मॉन्ट्रियलमध्येच, सन लाइफच्या भव्य इमारतीत. कॅम्बेल राहायचे त्याच शहरात आणि फोरममध्ये सामन्यांना नेमाने यायचे. शहरातले बहुसंख्य लोक फ्रेंच बोलणारे. मोठ्या कंपन्यांचे वरचे मजले इंग्रजी बोलणारे. सेंट कॅथरिन स्ट्रीटवरच्या बड्या दुकानांत फ्रेंच गिऱ्हाइकाला इंग्रजीतून उत्तर मिळणं हे नित्याचं होतं. अशा शहरात कॅम्बेलांचा चेहरा नुसता हॉकीचा चेहरा राहू शकत नव्हता.

रिशार आणि कॅम्बेल यांचं जुनं वाकडं होतं. लीगमध्ये सर्वांत जास्त दंड भरलेला खेळाडू रिशारच. त्याला चिडवणं हे प्रतिस्पर्धी संघांचं ठरलेलं तंत्र होतं: मागून कपडे ओढायचे, स्टिक अडकवायची, आईवरून किंवा भाषेवरून बोलायचं. तो उसळला की पाच मिनिटं बाहेर. 1954 च्या जानेवारीत जोफ्रियॉनवर बंदी आली तेव्हा रिशारने एका फ्रेंच साप्ताहिकातल्या आपल्या सदरात कॅम्बेलांना हुकूमशहा म्हटलं. लीगने त्याला माफी मागायला लावली, सदर बंद करायला लावलं, आणि पुन्हा असं करणार नाही याची हमी म्हणून 1,000 डॉलर ठेवून घेतले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात टोरंटोच्या सामन्यात मारामारीच्या भरात त्याने एका लाइन्समनच्या तोंडावर हातमोजा मारला. 250 डॉलर दंड. पंचावर हात टाकण्याची ही खूण कॅम्बेलांनी मनात ठेवली असणार.

13 मार्चला, रविवारी, बॉस्टन. हॅल लेको हा ब्रुइन्सचा बचावपटू पूर्वी मॉन्ट्रियलकडूनच खेळलेला, खेळताना चष्मा लावणारा. शेजारून जाताना त्याची उंच उचललेली स्टिक रिशारच्या डोक्याला लागली. पुढे तिथे पाच टाके पडले. रेफरी फ्रँक उडव्हारी यांनी हात वर करून गुन्ह्याची नोंद केली, पण पक मॉन्ट्रियलकडे असल्याने नियमाप्रमाणे खेळ चालू ठेवला. शिट्टी वाजली तेव्हा रिशारने डोक्याला हात लावून पाहिला आणि थेट लेकोवर गेला. स्टिकने मारलं. स्टिक मोडली. पंच त्याला धरत होते, तो सुटत होता आणि पुन्हा जात होता. लाइन्समन क्लिफ थॉम्प्सनने मागून घट्ट पकडलं तेव्हा रिशारने वळून त्याच्या तोंडावर दोन ठोसे लगावले. सामन्यानंतर बॉस्टनचे पोलीस त्याला अटक करायला खेळाडूंच्या खोलीशी आले. सहकाऱ्यांनी दार अडवलं. शेवटी बॉस्टन संघाच्याच व्यवस्थापनाने पोलिसांची समजूत घालून त्यांना परत पाठवलं.

16 तारखेला सन लाइफ इमारतीत सुनावणी झाली. रिशारचं म्हणणं असं: डोक्याला मार लागल्याने भान नव्हतं, थॉम्प्सनला मी बॉस्टनचाच खेळाडू समजलो. कॅम्बेलांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि दुपारी लांबलचक लेखी निकाल वाचून दाखवला. उरलेले तिन्ही साखळी सामने आणि त्यानंतरचे स्टॅनली कपचे, म्हणजे लीगच्या विजेतेपदाचे, सगळे सामने, एवढ्यांसाठी रिशारवर बंदी.

माझ्या मते ही शिक्षा जड होती, पण अन्यायाची नव्हती. पंचावर तीन महिन्यांत दुसऱ्यांदा हात पडला होता, आणि स्टिकने मारणं आजच्या लीगमध्येही असंच महागात पडेल. लेकोला कॅम्बेलांनी बंदी घातली नाही, हे मॉन्ट्रियलकरांच्या मनात जास्त सललं. पण शिक्षेचा न्याय-अन्याय तिच्या लांबीवरच ठरत नाही, ती कोण कुणाला देतो यावरही लोक तो ठरवतात. रिशारच्या आयुष्यात आर्ट रॉस जिंकण्याची एवढीच संधी उरली आहे हे शहरातल्या शाळकरी पोरालाही माहीत होतं. कॅम्बेलांच्या कार्यालयात फोनवर फोन येऊ लागले. बऱ्याच फोनांत जिवे मारण्याची धमकी होती.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी 17 मार्चला, फोरममध्ये डेट्रॉइटशी सामना होता. महापौर जाँ द्रापो नुकतेच निवडून आलेले, तरुण. कॅम्बेलांनी सामन्याला येऊ नये असं त्यांना वाटत होतं. कॅम्बेलांनी आपण येणार हे आधीच जाहीर करून टाकलं होतं. आपल्या जागेवर बसण्याचा आपल्याला हक्क आहे, एवढं साधं त्यांचं गणित. शिक्षेचं मी समर्थन करतो, या हट्टाचं करवत नाही. न्यायाधीशाने निकाल द्यावा आणि घरी जावं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी आरोपीच्या गल्लीत खुर्ची टाकून बसण्यात धैर्य असेल, शहाणपण नाही.

फोरमच्या बाहेर दुपारपासूनच लोक जमू लागले होते. हातांत फलक. काहींवर रिशारचा जयजयकार, काहींवर कॅम्बेलांचा धिक्कार, आणि एकावर फ्रेंच कॅनडावर अन्याय झाल्याची तक्रार. आत सामना सुरू झाला तो कॅम्बेल आलेले नसतानाच. मॉन्ट्रियलचे खेळाडू हातपाय गळाल्यासारखे खेळत होते आणि डेट्रॉइट गोल करत सुटलं होतं. पहिला भाग निम्मा होत आला तेव्हा कॅम्बेल आले, बरोबर त्यांची सचिव फिलिस किंग. पुढे तिच्याशीच त्यांनी लग्न केलं. दोघं आपल्या जागी बसले आणि प्रेक्षकांची पाठ खेळाकडे झाली. अंडी, टोमॅटो, कार्यक्रमपत्रिका, शेंगा, रबरी बूट, जे हाती लागेल ते त्यांच्या दिशेने येऊ लागलं. कॅम्बेल बसून राहिले. टोपी उडाली, कोटावर डाग पडले, ते हलले नाहीत. पहिला भाग संपला तेव्हा डेट्रॉइट 4, मॉन्ट्रियल 1. मध्यंतरात एक जण ओळख असल्यासारखा हात पुढे करत त्यांच्याकडे आला. कॅम्बेलांनी हात पुढे केला आणि त्याने त्यांना थप्पड लगावली.

तेवढ्यात कुठून तरी अश्रुधुराची नळकांडी येऊन फुटली. कुणी टाकली हे कधीच सिद्ध झालं नाही. फुटली ती कॅम्बेलांपासून जवळच, आणि तिनेच बहुधा त्यांचा जीव वाचवला, कारण चालून येणारा जमाव खोकत, डोळे चोळत दारांकडे वळला. पंधरा हजारांच्या आसपास माणसं आत होती. एवढी माणसं धुरातून बाहेर पडताना कुणी चेंगरून मेलं नाही, हे त्या रात्रीचं खरं नवल.

कॅम्बेल प्रथमोपचाराच्या खोलीत आडोशाला गेले. अग्निशमन दलाच्या प्रमुखांनी इमारत रिकामी करण्याचा हुकूम दिला. त्या खोलीतूनच कॅम्बेलांनी डेट्रॉइटचे व्यवस्थापक जॅक ॲडम्स यांना एक चिठ्ठी धाडली: सामना डेट्रॉइटला बहाल केला आहे, तुम्ही तुमचा संघ घेऊन केव्हाही निघू शकता, मॉन्ट्रियलचे व्यवस्थापक सेल्की यांची संमती आहे. शहर पेटायच्या बेतात असताना लिहिलेल्या या चिठ्ठीत एकही शब्द जास्तीचा नाही. माणसाचा स्वभाव मला त्यांच्या चरित्रांपेक्षा या चार ओळींत जास्त दिसतो.

बाहेर पडलेला जमाव आणि बाहेर आधीच थांबलेला जमाव एक झाले. फोरमच्या काचा गेल्या. मग लोंढा सेंट कॅथरिन स्ट्रीटने पूर्वेकडे निघाला. दुकानांची तावदानं, वर्तमानपत्रांचे स्टॉल, मोटारी, जे वाटेत येईल ते. पहाटे तीनपर्यंत हे चाललं. पन्नासेक दुकानं फुटली वा लुटली गेली, नुकसान लाखभर डॉलरच्या घरात गेलं, 37 जण जखमी झाले आणि त्यांत बारा पोलीस होते. मेलं कुणी नाही. दुसऱ्या दिवशी महापौर द्रापो यांनी दोष कॅम्बेलांच्या उपस्थितीवर टाकला. कॅम्बेलांनी महापौरांनाच विचारलं की आपण गुंडांना घाबरून घरी बसायचं होतं काय.

18 तारखेला संध्याकाळी रिशार रेडिओवर बोलला, आधी फ्रेंचमध्ये, मग इंग्रजीत. तो बोलका माणूस नव्हता. सांगितलं ते थोडक्यात: संघाबरोबर नसण्याचं दुःख आहे, पण आता नासधूस नको, मी शिक्षा मान्य करतो आणि पुढच्या वर्षी परत येऊन तरुण सहकाऱ्यांबरोबर कप जिंकतो. शहर शांत झालं. एवढा मोठा भडका एका माणसाच्या दोन मिनिटांच्या बोलण्याने विझतो, तेव्हा तो कशासाठी भडकला होता याचा थोडा अंदाज बांधता येतो.

इथून पुढे ही गोष्ट नेहमी एका ठरलेल्या वळणाने सांगितली जाते. दंगलीनंतर चारच दिवसांनी ‘ल दव्हुआर’ या दैनिकाचे आंद्रे लॉराँदो यांनी लेख लिहिला. त्या जमावात त्यांना नुसते हॉकीवेडे दिसले नाहीत, एका समाजाची जुनी जखम दिसली. पुढे 1959 मध्ये क्वेबेक प्रांताचे मुख्यमंत्री मॉरिस ड्युप्लेसी वारले, 1960 मध्ये जाँ लसाज यांचे लिबरल सत्तेवर आले, शिक्षण चर्चच्या हातून निघालं, वीज सरकारच्या हाती आली, आणि 1977 च्या कायद्याने कामाच्या ठिकाणी फ्रेंच अनिवार्य झाली. यांतल्या 1960 च्या दशकातल्या बदलांना तिथे ‘शांत क्रांती’ म्हणतात. तिची पहिली ठिणगी म्हणजे 17 मार्चची रात्र, असं अनेक पुस्तकांत वाचायला मिळतं. छान जुळतं. अती छान जुळतं.

कारण दंगलीनंतर दोनच दिवसांनी, शनिवारी 19 मार्चला, कॅनेडियन्स पुन्हा फोरममध्ये उतरले, न्यू यॉर्क रेंजर्सविरुद्ध. त्या सामन्यात जोफ्रियॉनने आपले गुण 75 वर नेले. रिशार 74 वर थांबला होता, थांबवला गेला होता. आणि त्याच प्रेक्षकांनी जोफ्रियॉनची हुर्यो उडवली. आपल्याच मैदानावर, आपल्याच संघाच्या, मॉन्ट्रियलमध्ये जन्मलेल्या, फ्रेंच बोलणाऱ्या चोवीस वर्षांच्या पोराची. घरी धमक्याही आल्या. त्याने करायला काय हवं होतं? संघाला पहिल्या स्थानासाठी तो विजय हवा होता. समोर गोल मोकळा असताना पक बाहेर मारायचा? जोफ्रियॉन हा साधा परका सहकारी नव्हता. त्याची बायको म्हणजे कॅनेडियन्सचा 1937 मध्ये गेलेला थोर खेळाडू हावी मोरेन्झ याची मुलगी. ज्या मोरेन्झची अंत्ययात्रा याच फोरममधून निघाली होती.

भाषेच्या अन्यायापोटीच लोक पेटले असते तर आर्ट रॉस एका फ्रेंच पोराकडून दुसऱ्या फ्रेंच पोराकडे गेल्याचं त्यांना काहीच वाटायला नको होतं. उलट अभिमान वाटायला हवा होता: त्या वर्षी यादीतले पहिले तिघे, जोफ्रियॉन 75, रिशार 74, बेलिव्हो 73, तिघेही फ्रेंच, तिघेही एकाच संघाचे. शिवाय ज्या कंपनीच्या मालकीचा संघ आणि फोरम, तिचे अध्यक्ष सिनेटर दोना रेमाँ हेही फ्रेंच कॅनेडियनच होते. आणि रिशार स्वतः? तो त्याच ड्युप्लेसींचा समर्थक होता ज्यांची राजवट शांत क्रांतीने मोडीत काढली. आपण फक्त हॉकी खेळतो, असं तो आयुष्यभर सांगत राहिला.

म्हणजे दंगलीत भाषेचा काही संबंध नव्हता असं मी म्हणत नाही. फ्रेंच कॅनडावरच्या अन्यायाचा तो फलक कुणी तरी घरून लिहून आणलाच होता. 1952 पासून टीव्हीवर शनिवारी रात्री रने लकाव्हालिए यांच्या फ्रेंच समालोचनासह सामने दिसू लागले होते आणि खेड्यापाड्यांतल्या घरांत रिशार हा आपला माणूस होऊन बसला होता. इंग्रजी बोलणाऱ्या साहेबाने त्याला घरी बसवलं, तेव्हा स्वतःच्या फोरमनने, मॅनेजरने, दुकानदाराने केलेले अपमान लोकांना आठवले असणार. पण आठवले ते रिशारमधून. रिशारच्या जागी जोफ्रियॉन ठेवून ते आठवेनात. ‘आपल्यातला कुणी तरी जिंको’ ही राष्ट्रवादाची भावना. ‘हाच जिंको, दुसरा कुणी नको’ ही भक्ती. त्या मार्चमध्ये मॉन्ट्रियलमध्ये दुसरी जास्त होती. इतिहासकारांना पहिली अधिक सोयीची पडली, इतकंच.

शेवटच्या साखळी सामन्यात 20 मार्चला डेट्रॉइटने मॉन्ट्रियलला 6-0 असं धुतलं आणि 95 विरुद्ध 93 गुणांनी पहिलं स्थान घेतलं. चिठ्ठीने बहाल झालेला सामना नडला असं म्हणण्याचा मोह होतो. पण 4-1 ने मागे असलेला संघ उरलेल्या दोन भागांत तो फिरवेल यावर त्या रात्री कुणी पैसे लावले नसते. नडलं ते हुकलेलं पहिलं स्थान. पहिल्या स्थानामुळे अंतिम फेरीतला सातवा सामना डेट्रॉइटच्या घरच्या मैदानावर ठरला. आणि त्या वर्षीच्या अंतिम फेरीत सातही सामने यजमान संघानेच जिंकले. मॉन्ट्रियलने बॉस्टनला पाच सामन्यांत बाजूला केलं होतं, डेट्रॉइटने टोरंटोला चारच सामन्यांत. मग डेट्रॉइटमध्ये डेट्रॉइट, मॉन्ट्रियलमध्ये मॉन्ट्रियल, असं सहा सामने चाललं आणि 14 एप्रिलला डेट्रॉइटच्या ऑलिम्पिया स्टेडियममध्ये रेड विंग्जने 3-1 असा कप नेला. दोन गोल ॲलेक्स डेल्व्हेकियोचे. गॉर्डी हावने त्या वर्षीच्या कप सामन्यांत अकरा सामन्यांत 20 गुण मिळवले. रिशार असता तर? हा प्रश्न मॉन्ट्रियलमध्ये निकालात निघालेला नाही, आणि निघणारही नाही.

डेट्रॉइटची गंमत वेगळीच. जिंकल्यावर त्याच उन्हाळ्यात ॲडम्स यांनी संघ मोडला. निम्म्याहून जास्त खेळाडू विकले वा बदलले, त्यांत गोलरक्षक टेरी सॉचकही गेला. पुढचा स्टॅनली कप डेट्रॉइटला मिळाला तो 1997 मध्ये.

मॉन्ट्रियलमध्ये प्रशिक्षक डिक अर्विन गेले आणि टो ब्लेक आले. ब्लेक हा एके काळी लाक आणि रिशार यांच्याबरोबर एकाच ओळीत खेळलेला, फ्रेंच सफाईने बोलणारा माणूस. रिशारला शांत ठेवण्यासाठी त्याला आणलं असं म्हणतात, आणि ते जमलंही. रिशारचा पंधरा वर्षांनी धाकटा भाऊ आँरी त्याच मोसमात संघात आला. 1956 ते 1960 अशी सलग पाच वर्षं कप मॉन्ट्रियलकडे राहिला. सलग पाच हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. त्यांतली शेवटची चार वर्षं रिशार कर्णधार होता. 1957 च्या ऑक्टोबरात त्याने पाचशेवा गोल केला, तिथवर पोहोचणारा पहिलाच. 1960 मध्ये थांबला तेव्हा 978 सामन्यांत 544 गोल. जोफ्रियॉनने 1960-61 मध्ये एका मोसमात 50 गोल करून रिशारच्या त्या जुन्या आकड्याला हात लावला. असं करणारा रिशारनंतरचा तो पहिलाच. तेव्हा मात्र फोरमने त्याला डोक्यावर घेतलं. कॅम्बेल 1977 पर्यंत अध्यक्ष राहिले.

रिशार 27 मे 2000 ला गेला. क्वेबेक सरकारने त्याला शासकीय इतमामाने निरोप दिला, आणि एक लाखाहून जास्त माणसं रांगेत उभी राहून त्याचं अंत्यदर्शन घेऊन गेली. त्याच्या आदल्या वर्षी लीगने मोसमात सर्वाधिक गोल करणाऱ्या खेळाडूसाठी मॉरिस रिशार करंडक सुरू केला. त्यात असिस्ट धरत नाहीत.